मावशीसाठी उतरवलेले संवाद

४ मार्च

मावशी, नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. ‘धाकटा भित्रा आहे, त्याला चौकीतून काढा आणि माझ्या शेजारणीकडे काजं करायला बसवा’ हे वाचून ताई हसली. मी हसलो नाही. तुम्ही त्याचा चेहरा पाहिलात, पण तो काय बोलला ते तुम्हाला ऐकू आलेलं नाही. गेल्या वर्षी तुमचे कान गेल्यापासून ‘दुसरी पाळी’ या पोलीस चौकीवरच्या मालिकेचे तीस भाग मी तुम्हाला शब्दन्‌शब्द उतरवून पाठवले. चित्र तुमचं आणि शब्द माझे, असंच ठरलं आहे ना आपलं? एकाही भागात मी पदरचं काही घातलेलं नाही. म्हणून एकतिसावा आधी वाचा आणि मग ठरवा.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. कोठडीतल्या आजारी माणसाला दर तासाला बघून यायचं आणि वहीत सही करायची, हे मफलरचं, म्हणजे धाकट्याच्या वरच्या साहेबांचं काम. चार वाजताची सही वहीत आहे. साडेचारला तो माणूस मेलेला सापडला. मफलर चार वाजता कोठडीकडे फिरकलाच नव्हता, हे आपल्याला माहीत आहे आणि धाकट्यालाही. वहीत मफलरच्या सहीखाली दुसरी सही धाकट्याची आहे.

चौकशी अधिकारी : चार वाजता त्यांनी कोठडी तपासली का?
धाकटा : मी तेव्हा कागदपत्रांच्या खोलीत होतो.
अधिकारी : म्हणजे तुम्ही पाहिलं नाही.
धाकटा : मी पाहिलं नाही.
अधिकारी : ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता.

आता यात खोटं काय आहे ते मला दाखवा. तो खरंच त्या खोलीत होता. ‘साहेब फेरीला गेले होते’ असं तो कुठेही म्हणालेला नाही. मफलरने त्याला कामाला लावलं, अहवाल कसा लिहायचा ते शिकवलं, पहिल्या दिवशी स्वतःचा पट्टा काढून दिला. अशा माणसाविरुद्ध त्याने न विचारलेलं का सांगावं?

इकडचं सगळं ठीक आहे. एक गोष्ट कळवायची राहिली. दाजी आणि मी ज्या पाच मजली कचेरीच्या लिफ्टची देखभाल करतो, तिथे गेल्या महिन्यात अपघात झाला. सफाईच्या बाई तळमजल्याला बाहेर पडत असताना लिफ्ट आपोआप खाली सरकली आणि त्यांचा पाय अडकला. चौकशी लागली आहे. त्याच्या आठवडाभर आधी आम्ही तपासणी केली होती. देखभालीच्या कार्डावर पहिली सही दाजींची आहे, दुसरी माझी. दोन एप्रिलला दोघांचेही जबाब आहेत. ब्रेक तपासलेला नव्हता असं ठरलं तर दाजींचा परवाना जाईल. पण तसं काही होणार नाही. तुम्ही काळजी करू नका.

तुमचा भाचा

९ मार्च

लिफ्टवाल्या भाच्यास,

शब्द मिळाले. दोनदा वाचले. तो भित्राच आहे.

मी न्यायालयात तीस वर्षं टाइपरायटरवर बसले. साक्षीदार बोलायचे आणि मी उतरवायचे. ‘मी पाहिलं नाही’ हे वाक्य आलं की माझी बोटं आपोआप चालायची. हे वाक्य दोन प्रकारची माणसं बोलतात. ज्याने खरंच पाहिलेलं नसतं त्याला तिथे थांबता येत नाही. ‘पण आवाज ऐकला’, ‘पण समोरचे सांगत होते’ असं त्याचं चालूच राहतं, शेवटी न्यायाधीशांना त्याला आवरावं लागतं. दुसरा माणूस वाक्य संपवतो आणि दाराकडे बघतो. धाकटा दाराकडे बघत होता. तुझ्या संवादांत ते येत नाही, मला मात्र तेवढंच दिसतं.

आणि तू म्हणतोस यात खोटं काय. अरे, जी फेरी मारलीच नाही ती कोणाला दिसणार? अधिकाऱ्याने प्रश्नच चुकीचा विचारला आणि धाकट्याला ते कळलं. त्या चुकीच्या आडोशाला तो जाऊन उभा राहिला. माझं त्याच्याशी भांडण आहे ते एवढंच.

शेजारची शिंपीण तुझ्या बाजूने आहे. ती म्हणते, वरच्या माणसाविरुद्ध बोलून आजवर कुणाचं भलं झालंय? खरं कारण असं की तिला धाकट्याचे केस आवडतात. मालिका सुरू झाली की ती शिवण घेऊन माझ्याकडे येते आणि मला कळावं म्हणून हातांनी खुणा करते. तिच्या खुणांवरून मला असं समजलं होतं की धाकट्याचं लग्न झालं आणि बायको माहेरी गेली. तुझ्या पत्रात बायकोचा पत्ताच नाही. मग कळलं, ती मला कात्री मागत होती.

लिफ्टचं वाचलं. बाई कशा आहेत ते तू लिहिलं नाहीस.

जबाबाचं घाबरू नकोस. एक अनुभवाचं सांगते. विचारतील तेवढंच सांगायचं. पुढचं बोलायला गेलास की फसलास. हो की नाही, एवढ्यात उत्तर बसत असेल तर तेवढंच द्यायचं आणि उठायचं. दाजींचं काम चोख असतं, कागद आपोआप टिकेल.

मावशी

१४ मार्च

मावशी, नमस्कार.

तुमचा सल्ला मला फार पटला. विचारतील तेवढंच. मी ते एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलं आहे. तो कागद मी दाजींना वाचून दाखवला. ते म्हणाले, “मावशी शहाण्या आहेत.” नंतर बराच वेळ हत्यारांच्या पेटीतले पाने पुसत बसले. ते पाने आदल्या दिवशीच पुसलेले होते.

बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. कचेरीवाल्यांचं म्हणणं असं की बाईंनी बादली दारात ठेवून लिफ्ट अडवून धरली, म्हणून ती सरकली. तसं ठरलं तर चूक त्यांची होईल. मग कामही जाईल आणि उपचारही त्यांचे त्यांनाच करावे लागतील. बादली दारात होती की नाही ते मला माहीत नाही. आम्ही तिथे नव्हतो.

बत्तिसावा भाग आम्ही तिघांनी मिळून पाहिला. धाकटा चौकशीहून परत येतो आणि मफलर त्याच्यासमोर पेला सरकवतो, ते तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा दाजी म्हणाले, “पोरगं हुशार आहे. विचारलं तेवढं बोललं आणि मोकळं झालं.”

ताई म्हणाली, “हुशार कसलं? त्या मेलेल्या माणसाची बहीण रोज चौकीबाहेर बसते, तिला काय सांगणार हे?”

दाजी म्हणाले, “मालिका आहे ती. बघायची आणि उठायचं.”

“मग तुम्ही त्याची बाजू कशाला घेताय?”

त्यावर दाजींनी आवाज वाढवला. स्वतःचा नाही, टीव्हीचा.

या भागात जुना प्रसंग पुन्हा दाखवला, त्या दिवशी चार वाजता नक्की काय झालं तो. त्यात बोलणं कमी होतं, म्हणून मी वर्णन लिहितो. धाकटा खाली बॅटरी घेऊन उभा आहे. वरून तीन ठोके यायचे आहेत. तो वर बघतो. मान दुखते तरी बघत राहतो. वीस मिनिटं होतात, ठोके येत नाहीत. मग मफलर जिन्याने उतरतो, हाताला काळं काही लागलेलं नसताना फडक्याने हात पुसतो आणि म्हणतो, “झालं. सही कर.” धाकटा विचारतो, “तपासलं?” मफलर म्हणतो, “गेल्या महिन्यात चांगलं होतं.” धाकटा सही करतो.

आता तुम्हीच सांगा, त्या क्षणी त्याने काय करायला हवं होतं? समोर त्याला शिकवणारा माणूस उभा आहे. पुढची कामं खोळंबली आहेत. सही न करणं म्हणजे तोंडावर ‘तुम्ही खोटारडे आहात’ म्हणणं. तुम्ही ज्याला भित्रेपणा म्हणता तो मला मान राखण्याचा प्रकार वाटतो.

तुमचा भाचा

१९ मार्च

भाच्यास,

बत्तिसावा भाग मीही पाहिला. मला ऐकू येत नाही, म्हणून माणसांच्या हातात काय आहे ते मी नीट बघते.

त्या जुन्या प्रसंगात धाकटा खुर्चीवर बसला होता. त्याच्या हातात दाभण होतं आणि तो कागदांचा गठ्ठा शिवत होता. बॅटरी नव्हती. तो वर बघत नव्हता, कारण वर बघण्यासारखं काही नव्हतं. ती चौकी बैठी आहे. तिला जिना नाही. मफलर बाहेरून आला, त्याच्या हातात छत्री होती आणि फडकं कुठेच नव्हतं.

माझे डोळेही गेले की काय म्हणून मी शिंपिणीला विचारलं. कागदावर लिहून दिलं : ठोके ऐकू आले का? तिने खाली लिहिलं : कसले ठोके, पंख्याचा आवाज होता.

तीस भाग तू मला शब्दन्‌शब्द पाठवलेस. आपण होऊन बॅटरी घालशील असा तू नाहीस. मी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मग आधीचं काढून तेही वाचलं. त्यात कार्डावरच्या दोन सह्यांची हकिगत होती. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा धाकट्याशी भांडायच्या नादात होते.

ठोके कुठले, ते मला सांग.

आणि माझा सल्ला तुला पटला म्हणून तू पाकिटात ठेवलास ना? तो काढून टाक. मी तो दिला तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याला सल्ला म्हणायचं म्हणजे अवघड आहे. मला तीस वर्षांची सवय लागली आहे, वकील साक्षीदारांना बाकावर जे बजावत ते मी तुला बजावलं.

मावशी

२५ मार्च

भाच्यास,

पत्र नाही. तेहेतिसावा भाग मुका गेला. त्यात सगळे एका खोलीत बसून नुसते बोलत होते, त्यामुळे मला काहीही कळलं नाही. शिंपिणीने खुणा केल्या, त्यावरून चौकीत बहुतेक पूर आला असावा.

संवाद नाही पाठवलेस तरी चालेल. दोन ओळी पाठव.

मावशी

२७ मार्च

मावशी, नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्या पत्राला उत्तर लिहायला मी चार वेळा बसलो. तेहेतिसावा मी पाहिला नाही.

बत्तिसाव्या भागाचं वर्णन चुकलं, त्याबद्दल माफ करा. मी ते मुद्दाम केलं नव्हतं. लिहिताना मला तसंच दिसत होतं. तुमचं पत्र वाचेपर्यंत मला खरोखर वाटत होतं की धाकट्याच्या हातात बॅटरी होती.

ठोक्यांचं सांगतो. लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत असतं. ब्रेक तपासायला दोन माणसं लागतात, एक वर मशीनपाशी आणि एक तळमजल्याच्या उघड्या दारात. एकमेकांना हाक ऐकू जात नाही. म्हणून वरचा माणूस लिफ्टच्या लोखंडी रुळावर पान्याने तीन ठोके मारतो. ‘ब्रेक सोडतोय’ असा त्याचा अर्थ. खालचा एक ठोका परत देतो, म्हणजे ‘बघतोय’. मग वरचा ब्रेक सोडून पुन्हा लावतो आणि खालचा बॅटरीच्या उजेडात रुळावरच्या खडूच्या खुणेवर बघतो, लिफ्ट किती घसरली ते. हे कुठल्या पुस्तकात नाही. दाजींना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं आणि मला दाजींनी. ठोक्यांशिवाय ब्रेक कधीच तपासला जात नाही.

त्या दिवशी ठोके आले नाहीत. ब्रेकच्या झाकणाला चार बोल्ट आहेत. त्यांतल्या एकाचं डोकं झिजलं आहे, तो काढायला अर्धा तास जातो. पुढे आणखी दोन लिफ्ट बघायच्या होत्या. दाजी वर वीस मिनिटं बसून खाली आले. पुढचं मी तुम्हाला लिहिलंच आहे, फक्त माणसं बदलून.

चौकशीतले साहेब मला विचारतील, ‘ब्रेक तपासताना पाहिलंत का?’ मी म्हणेन, ‘नाही, मी तळमजल्यावर होतो.’ ते खरं आहे. ठोक्यांबद्दल ते विचारणार नाहीत, कारण ठोके असतात हेच आमच्या लोकांशिवाय कुणाला माहीत नाही.

परवा मी दवाखान्यात गेलो होतो. मी कोण ते सांगितलं नाही. लिफ्टच्या कामावर असतो एवढंच सांगितलं. बाई म्हणाल्या, “बादली दारात नव्हती हो, हातात होती. चौकशीला आलेल्या दोघांना मी सांगितलं.” मग म्हणाल्या, “तुमच्या मागची खिडकी जरा लावता का?” मी लावली. त्यांनी पुन्हा बादलीचा विषय काढला नाही.

मी सांगितलं तर दाजींचा परवाना जाईल, आणि खोट्या सहीबद्दल माझंही काम जाईल. ताईचं घर दाजींच्या कामावर चालतं. नववीतून शाळा सुटल्यावर मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा दाजींनी मला हातात पाना धरायला शिकवलं. नाही सांगितलं तर चूक बाईंची ठरेल.

तुम्ही सांगाल तसं करतो.

तुमचा भाचा

३० मार्च

भाच्यास,

मी सांगणार नाही. धाकट्याला भित्रा म्हणणं मला सोपं गेलं, कारण तो काचेच्या पलीकडे असतो आणि दर आठवड्याला नवा कोरा होऊन परत येतो. त्याच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ते मत मी तुला लावणार नाही.

मला माहीत आहेत त्या दोन गोष्टी लिहिते.

एक. न विचारलेला प्रश्न टाइप होत नाही. साक्षीदाराने न विचारलेलं उत्तर दिलं, तर ते मात्र टाइप करावं लागतं. वकील ओरडले तरी आधी माझ्या कागदावर उमटायचं, काढून टाकायचं की नाही ते नंतर ठरायचं.

दोन. बोलणार असशील तर दाजींना आधी सांग, तुझ्या तोंडून. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आत काय चाललंय ते दुसऱ्याकडून कळताना मी पाहिलेलं आहे.

गप्प राहिलास तरी मला पत्र लिहीत जा. संवाद मला हवेत.

मावशी

६ एप्रिल

मावशी, नमस्कार.

जबाब झाला. जसं झालं तसं लिहितो.

दाजींना आदल्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. ते जेवत होते तेव्हा सांगावंसं वाटेना, जेवून उठल्यावर ते झोपले. म्हणून बाकावर सांगितलं. त्यांचा जबाब तोवर झालेला होता. मी म्हणालो, “दाजी, मी ठोक्यांचं सांगणार आहे.” ते समोरच्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते. म्हणाले, “मी आत सांगून आलो तपासला म्हणून.” मग म्हणाले, “तुझीपण सही आहे त्यावर. विसरू नकोस.” हे त्यांनी मला धमकावलं की माझी काळजी केली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आवाज नेहमीचाच होता.

आत साहेब होते आणि लिहून घेणारे एक गृहस्थ. साहेबांनी विचारलं, “त्यांना ब्रेक तपासताना पाहिलंत?”

मी म्हणालो, “नाही. मी तळमजल्यावर होतो.”

“बरोबर आहे, मशीन वर असतं,” साहेब म्हणाले. “करा सही.”

मी कागद वाचायला घेतला. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचू लागलो तेव्हा लिहिणारे म्हणाले, “कादंबरी आहे का ती? सही करा ना.” दार माझ्या डाव्या हाताला होतं. मावशी, मी तिकडे बघितलं. तुम्ही लिहिलं होतं तसंच बघितलं.

मग मी म्हणालो, “साहेब, यात एक राहिलं आहे.”

“काय?”

“ब्रेक तपासला तर खालच्याला कळतं. वरून तीन ठोके येतात. त्या दिवशी आले नाहीत.”

साहेब म्हणाले, “हे मी विचारलेलं नाही.”

“नाही.”

त्यांनी लिहिणाऱ्यांकडे पाहिलं. त्या गृहस्थांनी नवा कागद घेतला आणि म्हणाले, “हळू सांगा.” मी हळू सांगितलं. बोल्टचंही सांगितलं. सही मी ठोके न ऐकता केली, हेही. दुपारी त्यांचा माणूस गच्चीवर जाऊन आला. झाकणाच्या बोल्टवरचा गंज कुणी फोडलेलाच नव्हता.

दाजींचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. मला सहा महिने लिफ्टच्या कामावर बंदी आहे. कंपनीने दोघांनाही घरी बसवलं. बाईंवरचा ठपका काढला. हे मला लिहिणाऱ्या गृहस्थांकडून कळलं. बाईंना मी भेटलो नाही. भेटून काय बोलायचं ते सुचलं नाही.

ताईला मी घरी आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, “दोन महिने तुला माहीत होतं?” मी हो म्हणालो. “आणि मावशीला कधी सांगितलंस?” मी तारीख सांगितली. ती म्हणाली, “ती कुठे, किती लांब, आणि तिला तर ऐकूही येत नाही. मी भिंतीपलीकडे होते.” दाजी तेव्हा खोलीतच होते. ते म्हणाले, “त्याला जेवायला वाढ.” तिने वाढलं. दुसऱ्या दिवशी मी माझं सामान हलवलं. मला कुणी जा म्हणालं नव्हतं.

कुलपं दुरुस्त करणाऱ्याकडे काम मिळालं आहे. किल्ल्या घासायच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो. इथे टीव्ही नाही, तेव्हा संवाद पाठवता येणार नाहीत. मालिका संपायला आली असताना तुम्हाला अशी अडचण झाली, त्याबद्दल वाईट वाटतं.

तुमचा भाचा

२० एप्रिल

भाच्यास,

यावेळी उलटं करू. मी तुला चित्र पाठवते.

‘दुसरी पाळी’ काल संपली. शेवटच्या भागात धाकट्याच्या खांद्यावर एक पट्टी वाढली, म्हणजे बढती. मफलरने कपाट रिकामं केलं, म्हणजे निवृत्ती. मेलेल्या माणसाची बहीण चौकीबाहेर बसली होती, ती शेवटी उठून गेली. तिला कुणी काही सांगितलं असं दिसलं नाही. शेवटच्या दृश्यात मफलर आणि धाकटा एका टेबलाशी बसलेले आहेत, मध्ये चहाचे दोन पेले. दोघांचेही ओठ हलत नाहीत. बराच वेळ हलत नाहीत. मला वाटलं, माझाच टीव्ही बिघडला. मग नावं आली.

म्हणजे धाकटा शेवटपर्यंत बोलला नाही. शिंपीण रडली. मी तिला लिहून विचारलं, आता का रडतेस, तुझ्या बाजूनेच तर झालं सगळं. तिने लिहिलं : झालं खरं, पण चहा गार होत होता.

तू ताईचं लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. मला लिहिणं तुला सोपं गेलं, कारण मी पत्र वाचताना कशी दिसते ते तुला दिसत नाही. ताई समोर असते. तिला मी वेगळं पत्र टाकलं आहे. तुझी वकिली त्यात केलेली नाही. तिचं बरोबर आहे एवढंच लिहिलं.

किल्ल्यांच्या भुकटीपासून डोळे जप.

मावशी

११ मे

मावशी, नमस्कार.

ताईने तुम्हाला उत्तर लिहिलं का ते मला माहीत नाही. मला तिने दोन सदरे आणि माझा शब्दकोश पाठवला. ते घेऊन दाजी आले होते, रविवारी दुपारी.

मी किल्ली घासत होतो. ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. मी आत बोलावलं. खोलीत एकच खाट आहे, तिच्यावर ते बसले आणि मी तेलाच्या डब्यावर. त्यांनी सगळीकडे पाहिलं. एका गोदामात मालाच्या गाड्या ढकलायचं काम ते सध्या करतात. हातावर फोड होते. परवान्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बाईंबद्दलही नाही.

मग म्हणाले, “टीव्ही नाही वाटतं इथे.”

“नाही.”

“म्हणजे शेवटचा भाग तुझा राहिला.”

मी मान हलवली. नीट हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दाजींनी चपला काढून पाय वर घेतले आणि सगळा भाग सांगितला, पहिल्यापासून. कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं, सगळं. दाजी एरवी चार वाक्यं सलग बोलत नाहीत. ते तासभर बोलत होते. मफलरचा आवाजही काढून दाखवला. धाकट्याला बढती मिळाली तिथे ते थांबले, खिडकीबाहेर बघून घेतलं आणि पुढे सांगू लागले. शेवटच्या दृश्याला म्हणाले, “मग दोघं बसतात. समोरासमोर. मध्ये चहा. आणि कुणी बोलतच नाही रे. इतका वेळ. मला तर बघवेना, मी उठून पाणी प्यायला गेलो.”

मी विचारलं, “आणि मग?”

“मग काय, संपलं.”

नंतर ते चपला घालून निघाले. दारात म्हणाले, “ताई विचारत होती, पुढच्या रविवारी येणार का म्हणून.” ती खरंच विचारत होती की दाजींनीच मनाने सांगितलं, कोण जाणे. मी येतो म्हणालो.

तुमच्या पत्रातून शेवट मला तीन आठवड्यांपूर्वीच कळला होता. दाजींना मी तसं सांगितलं नाही.

तुमचा भाचा